भावोजींचं ‘आलो’

भुतांशी माझा संबंध फक्त रंगभूमीपुरता. आमच्या हौशी मंडळीच्या नाटकांत मी तीनदा भूत झालोय. तोंडाला तांदळाचं पीठ, अंगाला आईचं जुनं लुगडं... पहिल्या रांगेतले एक बडे अधिकारी खुर्चीसकट मागे उलटले होते! ज्याने स्वतः पीठ फासलंय त्याने भुताला काय म्हणून भ्यायचं? असले अनुभव कुणी सांगू लागला की मी त्याची अशी नक्कल करायचो की पुढे पुढे लोक माझ्यासमोर तोंडच उघडेनात. आणि आता मीच लिहायला बसलोय. हसा, खुशाल हसा. निम्मी गोष्ट हसण्यासारखीच आहे.

तेवीस-चोवीस साल असेल. रत्नागिरीपासून अडीच कोसांवर, वर सड्यावर, एक तळं आहे. सडा म्हणजे उघडा जांभा दगड, मैलभर सपाट, पाऊस सरल्यावर वर वीतभर गवत. आडोशाला झाड नाही की झुडूप नाही. तळंही एवढंसं. रमतगमत फेरी मारली तरी पाव तास लागतो, आणि कार्तिकात अगदी मधोमध उभं राहिलं तर पाणी छातीला लागतं. हे सगळं नीट लक्षात घ्या.

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांना साहेबलोकांसारखं नुसतं चालण्यासाठी चालायचं खूळ लागलं होतं. त्यांनी क्लब काढला. दर रविवारी सकाळी सड्यावर जायचं, तळ्याला फेरी मारायची, पलीकडच्या काठावर दहीपोहे खायचे आणि परत. वाटेतल्या वाडीतली एक म्हातारी दर वेळी विचारायची,

“कुनीकडं निघालाव?”

“फिरायला, आजी.”

“म्हस हरावली काय?”

“नाही हो, नुसतंच.”

“नुसतंच?” मग ती सुनेला हाक मारायची, “ये गो, बघ, आले ते!”

या क्लबात मी माझ्या भावोजींना ओढलं. भावोजी म्हणजे आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कचेरीत कारकून. गोल, गोड आणि साऱ्या जिल्ह्यात सर्वांत सावकाश. आक्का आतून म्हणायची, “अहो, पानं घेतलीत.” हे बुद्धिबळाच्या पटावरून म्हणायचे, “आलो!” आणि पाऊण तासाने उठायचे. “यांचं ‘आलो’ ऐकलं की मी भात परत चुलीवर ठेवते,” असं आक्का म्हणायची.

“त्यांना नेऊ नको रे मेल्या, धाप लागते त्यांना,” असंही ती म्हणाली होती.

“पोट उतरेल त्यांचं. मग मलाच ओवाळशील,” मी म्हणालो. फार ऐटीत म्हणालो.

कार्तिकातल्या त्या रविवारी मास्तर, मी आणि भावोजी असे तिघेच होतो. मास्तरांचा नियम असा, की मागे वळून बघायचं नाही. पुढच्याने हाक द्यायची, मागच्याने ओ द्यायची, म्हणजे चालीचा ताल मोडत नाही. तळ्याच्या अलीकडच्या काठावर भावोजींच्या वहाणेचा अंगठा तुटला. “तुम्ही व्हा पुढे, मी हा सांधतो,” म्हणत ते दगडावर बसले. आम्ही निघालो. थोड्या वेळाने मी हाक दिली, “भावोजी!” मागून उत्तर आलं, “आलो!” अर्ध्या वाटेवर पुन्हा हाक. “आलो, आलो!” आम्ही पलीकडे पोचलो, डबा उघडला, मास्तरांनी मिरची फोडली. मी समोर न बघताच ओरडलो, “भावोजी, दही आंबतंय!”

“आलो!”

या वेळी आवाज काठावरून आला नाही. तळ्याच्या मधून आला. मास्तरांचा घास हातातच राहिला.

आम्ही मान वर केली. सकाळचं लख्ख ऊन. आरशासारखं पाणी, एक तरंग नाही. काठावर दगड, दगडापाशी वहाणा, एका वहाणेचा अंगठा अर्धवट सांधलेला. सडा मोकळा... चारी बाजूंनी मोकळा.

तीन दिवस शोध झाला. भोयांनी जाळी ओढली, वाडीतल्या पोरांनी तळाचा चिखल पायांनी चाचपला. काही नाही. गावात बोलणी सुरू झाली. मुंबईला पळाले, बैरागी झाले, दुसरं बिऱ्हाड होतं... पाऊण तास पटावरून न उठणारा माणूस पळतो कसला!

आठव्या दिवशी आक्का म्हणाली, “मला तिथे ने.” मी नेली, मास्तरही आले. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही, म्हणून घरात मारायची तशीच हाक तिने मारली, “अहो!”

पाण्यावरून स्पष्ट उत्तर आलं, “आलो!”

मी ऐकलं, मास्तरांनी ऐकलं. आक्का हसली. त्या क्षणापासून ती वाट बघायला मोकळी झाली. दर कार्तिकात ती जायची, हाक मारायची, उत्तर यायचं. रोज त्यांचं पान वाढायची. मी माझ्या घरी चल म्हटलं की एकच विचारायची, “ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?” तिचे केस पांढरे झाले. मी देवाला हात जोडत नाही, पण त्या तळ्याला जोडले. बाबा, एकदा गप्प बस, तिला सुटू दे.

बारा वर्षं झाली. हरवलेल्या माणसाची इतकी वाट बघतात, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, त्याला अग्नी देतात. आक्काच्या दिरांनी तिथी काढली. आक्का म्हणाली, “आधी विचारून येऊ. ओ दिली तर पुतळा नाही.”

आम्ही दोघेच गेलो. तिने हाक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. तिसऱ्यांदा मारली, तेव्हा तिचा आवाज फुटला.

“आलो!”

अगदी जवळून. दहा हातांवरून. धापा टाकत, चढ चढून आल्यासारखा.

आक्का पाण्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. “आज काहीच नाही रे. तुला आलं काही ऐकू?”

नाटकांत बरीच कामं केली, पण इतका सफाईदार चेहरा मी कधी केला नव्हता. “नाही, आक्का.”

तिने मान हलवली. “चल मग.”

गेल्या माघात आक्का गेली, म्हणून आज हे लिहिता येतंय. पुतळ्याला अग्नी दिल्यापासून मी दर वर्षी एकटा जाऊन हाक मारतो. तळं गप्प असतं. कुणी म्हणतं प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी आपलाच शब्द परत देतो हो, त्याला धाप लागत नाही. तिला खरंच ऐकू आलं नाही, की आलं होतं आणि तीही माझ्यासारखीच चेहरा करून उभी होती...

मला एवढंच वाटतं, की तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर येत होता. आणि तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला जाळला.