गोजाबाई आणि परकं इंजिन

भवानी पेठेच्या टोकाला सोमशेखर मिस्त्रीचं गॅरेज आहे. गाडी बिघडली की मालकाने ती आणून लावायची, किल्ली द्यायची, चहा प्यायचा आणि मुकाट्याने घरी जायचं, असा तिथला रिवाज. गोजाबाईने तो एका दुपारी मोडीत काढला. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली गाडी दारात थांबली, तिच्या मुलाने, मल्हारने, किल्ली मिस्त्रीच्या हातावर ठेवली, आणि गाडीच्या आतून आवाज आला, "पानी कुटं मिळंल हितं? भाकरी टाकायच्या हायत्या."

सोमशेखरने आत डोकावून पाहिलं. आत एक म्हातारी पीठ चाळत बसली होती. तिच्या मांडीशी एक कोकरू झोपलं होतं आणि पलंगाखालच्या खुराड्यातून तीन-चार कोंबड्या त्याच्याकडे संशयाने बघत होत्या.

ही गाडी एकेकाळी शाळेची मिनीबस होती. भंगारात निघाली तेव्हा मल्हारने ती घेतली, बाकं उपसून टाकली आणि तिचं घर केलं. मागे फळ्यांचा पलंग, खिडक्यांना जुन्या चादरींचे पडदे, टपावर पाण्याचा ड्रम आणि सोलरची प्लेट. बाहेरच्या बाजूला 'सावकाश, मुले उतरत आहेत' ही अक्षरं मात्र कितीही घासली तरी जाईनात. आता त्या दारातून कोकरं उतरत, एवढाच काय तो फरक.

गोजाबाई सांगोल्याकडची धनगरीण. जन्मली मेंढरांमागे, लग्न होऊन गेली ती दुसऱ्या मेंढरांमागे. तिचं घर म्हणजे एक घोडी. तिच्या पाठीवर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि लेकरं लादायची, पुढच्या रानात उतरवायची, तीन दगड मांडले की संसार सुरू. त्यामुळे मल्हारने ही गाडी आणली तेव्हा म्हातारीचा पारा चढला. "डब्यात बसून कुनी मेंढरं राखतं व्हय?" असं म्हणून ती पहिलं वर्षभर गाडीच्या बाजूने चालली. गाडीकडे बघायचीसुद्धा नाही. पण मग गुडघ्यांनी दगा दिला. एक दिवस ती 'उगं बघावं' म्हणून चढली, आणि त्यानंतर तिला खाली उतरवणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

तिला सगळ्यात आवडलं ते इंजिन. जुन्या पद्धतीची बस असल्यामुळे ते आतच, ड्रायव्हरच्या शेजारी लोखंडी झाकणाखाली होतं. चालून चालून ते झाकण मस्त उबदार होई. त्यावर ती भाकरीचं टोपलं ठेवी, थंडीत जन्मलेलं कोकरू ठेवी, आणि मल्हारचं लक्ष नसलं की स्वतःचे गुडघे ठेवी. डॉक्टरने दिलेल्या मलमापेक्षा या झाकणाचा गुण जास्त, असं ती वाटेत भेटेल त्याला सांगायची.

तेच इंजिन अक्कलकोट रस्त्याच्या चढावर एकदा खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि गप्प झालं.

"हे मी शाळेची बस असताना दोनदा बांधून दिलंय, अव्वा," सोमशेखर झाकण उघडून म्हणाला. घरात कानडी बोलणारा माणूस, कुठल्याही म्हातारीला अव्वाच म्हणायचा. "पिस्टन बदलले, हेड बदललं. आता ब्लॉकलाच तडा गेलाय. ह्याला बांधून उपयोग नाही. दुसरं इंजिन टाकावं लागतंय बघा."

मल्हारने कपाळाला हात लावला. त्याची बायको सुकन्या आणि मेहुणा सिदू कळप घेऊन गावाबाहेर थांबले होते. दुधनीच्या गुरुसिद्धप्पाचं तुरीचं रान मोकळं झालं होतं आणि खतासाठी त्याला त्यात मेंढरं बसवून हवी होती. सोमवारी निघालं नाही तर तो दुसऱ्याचा कळप बोलावणार, हे त्याने फोनवर दोन भाषांत सांगितलं होतं.

"आये, आयक," मल्हार म्हणाला. "सोमवारपतुर गाडी झाली तर झाली. न्हायतर सामान भाड्याच्या टेम्पोत टाकतो, आमी चालत जातो. गाडीबिगर रानात तुजं गुडघं टिकायचं न्हायती, तू हितं मायाक्काकडं ऱ्हा. चार म्हैन्यांनी नेतो की."

मायाक्का ही गोजाबाईची लेक. दोन गल्ल्या सोडून राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. नवरा बसू यंत्रमागावर होता. घर पक्कं, नळाला पाणी, वर पंखा. कुठलीही म्हातारी अशा घरी आनंदाने गेली असती. गोजाबाईला मात्र ते ऐकवेना.

कारण 'चार महिन्यांनी नेतो' म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कळपात एखादी मेंढी लंगडी पडली, चालेनाशी झाली की ती वाटेतल्या गावात कुणा ओळखीच्याकडे ठेवतात. परतीच्या वाटेवर नेऊ म्हणतात. परतीची वाट कधी दुसरीकडून जाते, कधी मेंढी तिथल्या गोठ्याला रुळते, कधी नुसतीच विसरली जाते. अशा मेंढ्या गोजाबाईने स्वतःच्या हातांनी ठेवल्या होत्या. आता आपली पाळी आली, असं तिला वाटलं आणि ती मनातून घाबरली. घाबरली की ती जोरात बोलायची.

"मी हितनं हलनार न्हाय," तिने गॅरेजभर ऐकू जाईल असं जाहीर केलं. "गाडी हितं, तर मी हितं. बघू कोन उतरवतं."

आता अडचण अशी की इंजिन होतं तिच्या स्वयंपाकघरात. ते काढायचं तर चेनपुली आत घ्यायला हवी, त्यासाठी मीठमिरचीचे डबे हलवायला हवेत, आणि डब्यांना हात लावला की म्हातारी अंगावर धावून येई. सोमशेखरसारखा माणूस, ज्याच्यापुढे ट्रकवाले चळाचळा कापतात, तो रोज सकाळी दारात उभा राहून "अव्वा, येऊ का आत?" असं विचारू लागला. दुपारी त्याला गरम भाकरी आणि लसणाची चटणी मिळे, म्हणून तो चिडतही नव्हता. गॅरेजमधले दोघं कामगार तर गाडी लवकर होऊ नये म्हणून मनातल्या मनात देवाला विनवत होते.

जुनं इंजिन निघालं. त्या जागी भलं मोठं भोक पडलं. गोजाबाई पलंगावरून त्या भोकाकडे दुखऱ्या दातावर जीभ फिरवावी तशी सारखी बघत राहिली.

मग दुसरं इंजिन आलं. सोमशेखरने ते उघडून, धुऊन, वाल्व घासून, नव्या रिंगा टाकून बांधलं होतं. वर हौसेने चंदेरी रंगही मारला होता.

"कुनाचं म्हनायचं हे?" गोजाबाईने विचारलं.

"एका टेम्पोचं. टेम्पो उलटला, पार गेला. इंजिन तेवढं वाचलं."

"म्हंजे आई मेलेलं की," गोजाबाई हळहळली. तिने नव्या इंजिनावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

इंजिन बसलं. सेल मारला, सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. सोमशेखरने डिझेलचे पाइप सोडले, बांधले, डिझेल चढवायचा हातपंप मारून मारून अंगठा सुजवून घेतला. "लाइनीत कुठूनतरी हवा घेतंय. कुठून ते काही सापडेना," तो म्हणाला, आणि मग कानडीत आणखी बरंच काही म्हणाला, ज्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

रविवार उजाडला. मल्हार टेम्पोवाल्याशी बोलून आला. मायाक्का येऊन सांगून गेली की आईसाठी खिडकीजवळ गादी घातली आहे, पायाला लावायचं तेल आणलं आहे, संध्याकाळी डबा घेऊन न्यायला येते. तिचा चेहरा नुसता फुलला होता. गोजाबाईला तो बघवला नाही.

दुपारी सोमशेखर वैतागून चहाला गेला. गोजाबाई उठली. ट्रेमध्ये जुन्या इंजिनातलं जळकं ऑइल साठलं होतं. तिने त्यात जुनेराची चिंधी बुडवली आणि नव्या इंजिनाला फासायला घेतली. वरून, खालून, पाइपांना, पंपाला, जिथे बोट शिरेल तिथे. "घे गं बाई, घे. तुजंच हाय. वास बघ की," असं ती गाडीची समजूत घालत होती.

सोमशेखर परतला तेव्हा त्याचं चंदेरी इंजिन डांबरासारखं काळं झालं होतं. तो मटकन टूलबॉक्सवर बसला. "अव्वा, हे काय करून ठेवलं?"

"मेंढी दुसरीचं कोकरू घेत न्हाय, मिस्तरी. लाथा घालती. तिचं सोताचं मेलेलं असलं तर त्याचं कातडं ह्या परक्या कोकरावर टाकायचं. वास पटला की पाजती. तुमाला कसं ठावं न्हाय?"

"गाडी मेंढी आहे काय?" सोमशेखर ओरडला. म्हातारीला तिची चूक दाखवावी म्हणून त्याने रागाने सेल मारला. इंजिन सुरू झालं. सुरूच राहिलं. ते बंद पडायची वाट बघत सगळे उभे होते आणि ते आपलं खुशाल चाललं होतं. गोजाबाई जाऊन पलंगावर बसली आणि सुपारी कातरू लागली.

सोमशेखर हट्टी. त्याने इंजिन पुसून काढलं. ते बंद पडलं. पुन्हा फासलं, चालू. कामगारांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला घाम फुटला. शेवटी त्याने एकेक जागा पुसत नेली, आणि पंपाजवळच्या एका पाइपाच्या तोंडाशी, केसाएवढी चीर त्याला सापडली. घट्ट ऑइल तिथे बसलं की हवा आत शिरायची थांबे, एवढीच गोष्ट. त्याने पाइप बदलला आणि इंजिन पुसलेल्या अंगाने धडधडत राहिलं.

"वास-बीस काही नाही, अव्वा. चीर होती. ऑइलने बुजली होती."

"मग मी तरी काय म्हनली?" गोजाबाई म्हणाली. सोमशेखरने हात जोडले. मल्हार टेम्पोवाल्याला नको सांगायला बाहेर पळाला.

मायाक्का डबा घेऊन आली तेव्हा गाडी दणाणत होती आणि तिची आई दारात पाय सोडून मोठ्या दिमाखात बसली होती.

"बघ गं," गोजाबाई ओरडून म्हणाली. "झाली गाडी! मी न्हाय ऱ्हात मागं. मी काय लंगडी मेंढी हाय व्हय, गावात ठेवून जायला?"

मायाक्काच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज ओसरलं. तिने डबा छातीशी धरला. "मग मी लंगडी होते काय, आये?" ती म्हणाली. "मला ठेवून गेल्तीस की. आत्याच्या दारात. उन्हाळ्यात न्यायला येते म्हनलीस."

गोष्ट खरी होती. शाळेसाठी म्हणून लहानगीला आत्याकडे ठेवलं होतं. उन्हाळा आला तेव्हा कळप मंगळवेढ्याकडे होता. पुढच्या वर्षी गोजाबाई तूप आणि घोंगडं घेऊन आली, पोरगी पाढे छान म्हणते हे ऐकून खूश झाली आणि एकटीच परत गेली. असंच होत होत लेकीचं लग्नही याच पेठेत झालं. पोरीचं चांगलं झालं, असंच गोजाबाई जन्मभर सांगत आली होती. मागे राहायचं भय काय असतं, ते तिला आता या म्हातारपणी, या गॅरेजात कळलं होतं. आणि ते आपल्या लेकीने हाताएवढी असताना एकटीने सोसलं होतं, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

ती दारातून उठली. गुडघे धरत आत सरकली, पलंगावरचं कोकरू उचलून खाली ठेवलं आणि जागा केली.

"चढ," ती म्हणाली.

"कुटं?"

"वर. दुधनीला."

"आगं, गणवेश शिवायचे पडलेत. ह्यांचा सकाळचा डबा—"

"बसू खाईल चार दिस करून. त्याला काय हात न्हायत? चढ म्हनते न्हवं." गोजाबाईने हात पुढे केला. "न्यायला आलीया मी. जरा उशीर झाला."

मायाक्काने डबा आईच्या हातात दिला, चपला काढून घेतल्या आणि आत चढली.