तिच्या एकटीच्या पगारातून

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. मेधाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे बोलायला हवं होतं ते तिलाच, माझ्या बायकोला.

आधी माझं काम काय ते सांगतो. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात बसून मी अंदाज बांधतो — कर बदलला, एखादं अनुदान आलं, तर कोण नोकरी धरेल, कोण सोडेल. विशेषतः बायका. यात नवशिके एक चूक हमखास करतात. पाळणाघर, स्वयंपाकाच्या मावशी, सगळा खर्च एकट्या बाईच्या पगारातून वजा करतात. मग नोकरी परवडत नाही असंच दिसणार ना! मूल काय तिच्या एकटीचं असतं? या चुकीवरून मी नव्या मुलांना अक्षरशः फाडून खातो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आमची ईरा दोन वर्षांची असताना मेधाला शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरी चालून आली. गाड्यांचे सुटे भाग — तिचंच इंजिनिअरिंग. काय खूश होती! म्हणाली, परवडेल का ते तूच सांग, तुझं तर रोजचं काम.

आणि मी काय केलं? पाळणाघर, मावशी, कॅब — सगळं तिच्या पगारातून कापलं. माझ्या पगाराला हात लावला नाही. चूक म्हणू नका याला — मला पक्कं ठाऊक होतं. ईरा आजारी पडली की मलाही रजा घ्यावी लागली असती, आणि ती मला घ्यायची नव्हती. बस्स, एवढंच! नाही गं परवडत, असं तोंड वर करून सांगितलं. तिने नकार कळवला. तशी नोकरी पुन्हा आली नाही.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या तंजावरी मराठी कुटुंबातली सून आली. तान्हं मूल, हातात नोकरीची ऑफर. मेधानेच तिला माझ्यापुढे बसवलं. मी खर्च नवरा-बायकोत वाटून नीट हिशेब मांडला आणि म्हणालो, बिनधास्त घे.

ती गेल्यावर मेधाने विचारलं, “माझ्या वेळी असं नव्हतं का करता येत?”

आता तरी बोलायचंस ना, भेकडा! तोंड शिवलं होतं का तुझं?

“तेव्हा कराचे नियम वेगळे होते,” मी म्हणालो.

“असं होय,” म्हणाली, आणि ईराच्या कपड्यांच्या घड्या करायला लागली.

कराचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. तिने ते खरं मानलं — पहिल्या वेळी मानलं होतं, तसंच.