मोटारबोटीला ब्रेक कुठं असतो?

माझ्या सासऱ्यांनी मोटारबोट घेतली तेव्हा आमच्या घरात पोहता येणारं एकही माणूस नव्हतं.

सासरे, म्हणजे आबासाहेब, बऱ्हाणपुरातले कापसाचे व्यापारी. राज्य इंग्रजांचं होतं आणि जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाकडं मोटार होती. आबासाहेबांनी ती घेतली नाही. म्हणाले, "मोटार काय, कोणीबी घेईल! आपण पाण्यावर चालणारी घेऊ."

बोट मुंबईहून रेल्वेनं आली, बैलगाडीवर चढली आणि सिंधीपुऱ्यातून तापीवरच्या राजघाटाकडं निघाली. पांढरीशुभ्र, अंगावर निळा पट्टा, मागच्या बाजूला काळंभोर चकचकीत इंजिन! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. माझेही आपोआप जोडले गेले. (मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मी ते चोळल्यासारखं केलं. मी जावई होतो, तोही मुंबईचा!)

हे मुंबईचं प्रकरणच मला नडलं. मी गिरगावात राहायचो, एका ऑफिसात कारकुनी करायचो, आणि समुद्र रोज संध्याकाळी बघायचो. काठावरून, खारे शेंगदाणे खात. पण बऱ्हाणपुरात एवढं पुरेसं होतं.

"जावईबापू," आबासाहेब म्हणाले, "समुद्राकडचे तुम्ही. बोटीत सामान काय काय लागतं ते तुम्हीच बघा. इंदूची आईबी येणार आहे. सगळे सहीसलामत घरी आले पाहिजेत, बस्स!"

"काळजीच नको!" मी म्हणालो. इंदूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडं अशा काही कौतुकानं पाहिलं की आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंनी तेवढ्यात बोटीला एक प्रदक्षिणा घातली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून खालून पाहिलं.

"जावईबापू, याला ब्रेक कुठं असतो?"

मी बोटीकडं पाहिलं. बोटीनंही बहुधा माझ्याकडं पाहिलं.

"बोटीला ब्रेक नसतो, नांगर असतो."

"शेतातला?"

"पाण्यातला."

"मग तो लावून घ्या बापा. ब्रेक नसलेल्या गाडीत मी बसत नसते."

नांगर बोटीबरोबर आलाच नव्हता. मी जुन्या जात्याची खालची तळी शोधून काढली आणि तिला लांबलचक दोर बांधला. मग जाकिटं! आगबोटीवर साहेबलोक जाड जाड जाकिटं घालतात आणि पडले तरी तरंगतात, असं मी ऐकलं होतं. त्यात काय भरतात, ते ऐकलं नव्हतं. पण कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरात असला प्रश्न पडावाच कशाला? पिंजारी बोलावला आणि गादीच्या कापडाची जाकिटं ठासून भरून घेतली. माझं घालून पाहिलं तर दोन्ही हात खाली येईनात. घरभर मी मिठी मारायला निघाल्यासारखा फिरत होतो.

त्यानंतर मला थांबवणं कुणालाच जमलं नाही. आगीसाठी वाळूच्या बादल्या आल्या. कंदील आला, वल्ही आली. धुक्यात वाजवायला पितळी घंटा आली.

"धुकं? दुपारी?" इंदूनं विचारलं.

"समुद्रावर कधीही पडतं!"

निघायच्या दिवशी सासूबाईंनी दोराला बांधलेले वाळलेले भोपळे आणले. "आमच्याकडं याच्यावरच पोरं पोहायला शिकतात," त्या म्हणाल्या.

"सासूबाई, ही मोटारबोट आहे," मी हसलो. "भाजीचा ठेला नाही!"

हसणारा मी एकटाच होतो. त्यांनी भोपळे पायाशी ठेवले आणि जाकीट बाजूला सारलं. "उकडतं त्यात," म्हणाल्या.

आम्ही चौघं आणि माझं सामान चढल्यावर बोटीची कड पाण्याला जवळजवळ टेकली. घाटावर सगळा गाव लोटला होता. आबासाहेबांनी इंजिनाची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं. तिसऱ्यांदा ओढली आणि फडफडफडफड!

घाटावरची कबुतरं एकदम उडाली. काठावरच्या किल्ल्याच्या भिंतीवरून आवाज परत आला, जणू आत कुणीतरी दुसरी बोट चालवतंय. आणि तापी! जिच्यावर आजवर फक्त डोंगे सरकत गेले होते, ती आमच्या मागं पांढरी होऊन दुभंगत होती. इंदूनं माझा हात घट्ट धरला. सासूबाईंनी हळूच नदीला नमस्कार केला. माणसाच्या हातून असं काही घडू शकतं!

एवढ्यात हत्ती आला.

राजघाटासमोर नदीत दगडी हत्ती आहे, बादशाही काळातला. तो कुठं जात नाही. आम्ही जात होतो, थेट त्याच्याकडं!

"आबासाहेब, उजवीकडं!"

"उजवीकडंच ओढतोय ना!" आबासाहेब टांग्याच्या लगामासारखा इंजिनाचा दांडा ओढत होते. (बोटीत तो उलटा लागतो. दांडा उजवीकडं, तर बोट डावीकडं. मला तरी कुठं ठाऊक होतं?)

"ब्रेक लावा हो!" सासूबाई ओरडल्या.

मी जात्याची तळी उचलली आणि सगळं बळ लावून पाण्यात फेकली. दोर सळसळत निघाला. त्याचं दुसरं टोक बोटीला कुठं बांधायचं, हे मी अजून ठरवलं नव्हतं. ते माझ्या पायानं ठरवलं.

मी गेलो. बोट कलंडली तशा बादल्या गेल्या, घंटा गेली. खाली सगळं हिरवं होतं. पायाचा बूट निसटला, त्याबरोबर दोरही सुटला. पण जाकीट? ते तापी पीत होतं! कसाबसा वर आलो, श्वास घेतला आणि पुन्हा खाली निघालो. त्या क्षणी मला खरंच वाटलं, संपलं.

"धरा!" वरून सासूबाईंचा आवाज आला आणि नाकावर भोपळा आदळला. "लाजू नका, धरा!"

मी लाजलो नाही. भोपळ्यांना मी घट्ट मिठी मारली. जाकिटामुळं झालेला तेवढाच सराव कामी आला. पाय झाडत हत्तीपाशी पोचलो आणि ओरबाडत त्याच्या पाठीवर चढलो.

बोटीला हत्ती निसटता चुकला होता. इंदूनं बापाच्या हातून दांडा हिसकावून घेतला होता! पदर खोचून ती बोट वळवत होती, आणि ओझं गेल्यामुळं बोट पाण्यावर नुसती तरंगत धावत होती. काठावर गावानं श्वास रोखला होता. मीही. ओला, एका पायात बूट, पण डोळे काही तिच्यावरून हलेनात.

"अहो, लागलं का कुठं?" ती जवळून जाताना ओरडली.

"नाही!"

"मग बसा जरा! आई म्हणते, अजून एक फेरी मारू!"

मुंबईला परतल्यावर ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, सासरी मान कसा काय ठेवतात तुमचा?

"हत्तीवर बसवतात," मी सांगितलं. हत्ती दगडाचा होता आणि मला उतरवायला डोंगा बोलवावा लागला, हे सांगण्याइतकं त्यात काही विशेष नव्हतं.