घुगऱ्यांनी भरलेलं तोंड

माझे वडील नाशिकला मास्तर होते. गल्लीत कुणा बाईच्या अंगात आलं की ते तिला तांब्याभर पाणी नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "बस बाई, दमली असशील." अशा घरात मी वाढले. भूतखेत, करणी, उतारा... माझा कशावरही विश्वास नव्हता आणि आजही नाही. नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाइप करते." म्हटलं, कर. पण वाचणाऱ्यांनी मला देवभोळी म्हणू नये, एवढंच.

गोष्ट साठ सालच्या आसपासची. माझं सासर तापीकाठचं, सारंगखेड्याच्या अलीकडचं एक गाव. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्यात मोडायचो. घरी कापूस, केळी, माणसांचा राबता. सगळे अहिराणी बोलायचे. मला समजायची, पण बोलायला गेलं की जीभ वळायची नाही. मी आपली शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायची, म्हणून सासूबाई मला 'पुस्तकवाली' म्हणायच्या.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. मला संध्याकाळचा ताप येऊ लागला, खोकला हटेना, एकदा पदराला रक्त लागलं. यांनी मला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शहाद्याहून कधीमधी यायचे, दवाखाना चालवायचे ते कंपाउंडर अण्णा. अण्णा म्हणजे देवमाणूस, रात्री-अपरात्री कुणाच्याही दारात हजर. त्यांनी आम्हाला धुळ्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं. परत आल्यावर फोटो उजेडात धरून बघितला आणि दार लोटून घेतलं.

"वहिनी, टी.बी. शे," ते म्हणाले. "पन नाव काढू नका. कोनी इचारं ते कमजोरी शे असं सांगा."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. नाव निघालं की सून माहेरी जायची ती कायमची, हे त्यांनी बघितलेलं होतं. नाव दाबायचं आणि गुपचूप सुया द्यायच्या, ही त्यांची माया होती. मग हे, अण्णा आणि मी, तिघांनाच ठाऊक. पण नाव दाबलं म्हणजे त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं दाबावं लागतं... खोकताना काय करायचं, लहान मुलांपासून किती लांब राहायचं, हे अण्णा मला घरच्यांसमोर सांगणार कसे? कमजोरी काय कुणाला लागते?

सुयांनी ताप उतरला. मी भरले, गालांवर रंग आला. शेजारच्या बायका अण्णांकडे जाऊन म्हणायला लागल्या, "आम्हले बी तीच कमजोरीनी सुई द्या." आम्ही दोघं हसलो होतो यावर. गोळ्यासुद्धा होत्या, मोठाल्या, कडू, पोट ढवळून काढणाऱ्या. अण्णांचा त्यांच्यावर फारसा भरवसा नव्हता. खरं औषध सुईत, असं ते मानायचे, आणि तेव्हा पुष्कळ जण तसंच मानत. सुया संपल्यावर ते म्हणाले, "आते गोळ्या राहिन्यात ते चाली." मला काय, आंधळा मागतो एक डोळा. उरलेल्या गोळ्या मी केळीच्या बागेत टाकल्या.

पावसाळा सरता सरता खोकला परत आला. मी तो पदरात दाबायची. मला कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. लाज वाटायची. माझ्या अंगात काहीतरी घाण आहे आणि मी चांगल्या घरात ती लपवून बसलेय, असं वाटायचं. ती लाज कशी असते ते ज्याला झालंय त्यालाच कळेल.

त्यातच धाकट्या जावेला मुलगी झाली. पहिलं नातवंड, आणि मला अजून काही नाही. बारशाला भर दुपारी माजघर बायकांनी गच्च भरलं होतं. आमच्या घरची रीत अशी, की बाळ एकेका सुवासिनीच्या मांडीवर द्यायचं, तिनं वाकून त्याच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं आणि मुका घ्यायचा. बाळ हातोहात पुढे सरकत होतं. माझ्या शेजारी घुगऱ्यांची परात होती.

बाळ माझ्यापासून दोन बायकांवर आलं आणि मला खोकल्याची उबळ आली. काय करावं सुचेना. मी परातीतल्या मूठभर घुगऱ्या उचलल्या आणि तोंडात कोंबल्या. गाल फुगले, श्वाससुद्धा नाकानंच. बायका हसल्या, पुस्तकवालीला भूक लागली म्हणून. उबळ जिरली.

सासूबाईंनी बाळ माझ्यापुढे धरलं. "ले मोठी, पोरले मांडीवर ले."

आणि आवाज आला. "मले क्षय शे. पोरले मन्हाकडे देऊ नका."

माझा आवाज. मी ओळखते माझा आवाज, जरासा नाकातला आहे. मोठ्यानं नाही, नेहमीच्या बोलण्यासारखा, माझ्याच जागेवरून आलेला. पण माझे दात घुगऱ्यांत रुतलेले होते. आणि शब्द अहिराणीत होते, जिच्यात मी तोवर धड एक वाक्य बोलले नव्हते.

सासूबाईंनी बाळ छातीशी ओढलं. "तू आते काय बोलनी?" मी तोंडातलं गिळलं आणि रडायला लागले. तेच त्यांना उत्तर वाटलं. बायका एकेक करून उठल्या, घुगऱ्या न घेताच गेल्या. परात तशीच भरलेली राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

माझी खाट कापसाच्या खोलीत गेली, ताट-वाटी वेगळी झाली, दारात एक शेळी आणून बांधली. क्षयाला शेळीचं दूध, असं तिकडे म्हणायचे. मला वाटलं आता टांगा येणार आणि माझी माहेरी रवानगी होणार. पण दुसऱ्या दिवशी सासूबाई उंबऱ्याशी ताट घेऊन आल्या आणि बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोर वाचाले पाहिजे म्हनीसन मन्ही सूननी सोता सांगं. हाई मन्हाच घरमां ऱ्हाई." नाव गावभर झाल्यावर दाबायला काही उरलंच नाही. अण्णा राजरोस घरी येऊ लागले. त्यांनी डॉक्टरांना गाठून नीट विचारून घेतलं, आणि त्या कडू गोळ्या वर्षाहून जास्त काळ माझ्याकडून गिळवल्या. समोर उभे राहून. मी बरी झाले. जावेच्या मुलीला काही झालं नाही.

अण्णा एकदाच त्या दिवसाबद्दल बोलले. पेढे खायला बोलावलं म्हणून तेही बारशाला आले होते. खाली बघत म्हणाले, "वहिनी, मी दारमां उभा व्हतू. तुमनं तोंड भरेल व्हतं. तुमी काहीच बोलनात नही." मग पिशवी उचलली आणि गेले. पुढे कितीदा विषय काढला तरी त्यांनी तो टाळला.

माझा डॉक्टर नातू म्हणतो, टेन्शनमध्ये माणूस बोलतो आणि त्याला आठवत नाही. असेल बाबा. पण तोंड भरलेलं असताना? आणि तेही अहिराणीत? बरं, मग बोललं कोण? देव म्हणायला मन धजत नाही, आणि दुसरं काही सुचत नाही.

मला छळतं ते वेगळंच. ती मुलगी, कमल, आता साठी ओलांडून गेली. दर दिवाळीला शहाद्याहून येते, साडी आणते, पाया पडते. तिच्या आईनं तिला लहानपणापासून सांगितलंय, "मोठी आईनी लाज सोडी दिधी, म्हनीसन तू वाचनी." गेल्या दिवाळीला ती नातवंडांना घेऊन आली आणि सगळ्यांना माझ्या पायावर घातलं. मी नेहमीसारखी त्यांच्या डोक्यावर हात ठेवत गेले. इतकी वर्षं मी हा मान घेतेय, आणि प्रत्येक वेळी तीच लाज वर येते, क्षयाच्या लाजेपेक्षा मोठी.

कारण सासूबाईंनी पोर पुढे केलं तेव्हा माझी मान नकारात हलली नव्हती. आवाज आला तेव्हा मी पोरीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते.