शिवयोगीची सवत

बायकोच्या माहेरच्या माणसांवर जळणारे नवरे मी पुष्कळ पाहिले, पण माहेरच्या हवेवर जळणारा एकच, आमच्या भवानी पेठेतला शिवयोगी. पुरुषालाही सवत असते, हे मला त्याच्याकडे बघून कळलं. त्याच्या सवतीचं नाव मंद्रूप.

शिवयोगीच्या घरात खाली चार माग आणि वर संसार. दिवसभर टॉवेल विणले जातात आणि सुताची बारीक रुई जिन्यानं वर चढते, पार देव्हाऱ्यातल्या पिंडीवर जाऊन बसते. त्याची बायको श्रीदेवी या घरात नांदायला आली आणि दम्याची रोगी झाली. डॉक्टरांनी रुईकडे बोट दाखवलं तसा शिवयोगी उसळला, "माझ्या आईनं ह्याच रुईत पाच पोरं वाढवली की!"

पण श्रीदेवी माहेरगावी, मंद्रूपला भावाकडे, मल्लिकार्जुनकडे गेली की तिचा दम्याचा पंप पिशवीतून बाहेरसुद्धा निघत नसे. तिथेही कडब्याची धूळ होती, चुलीचा धूर होता. तिला काही होत नसे. हेच शिवयोगीला सोसवेना. पाठ चोळायची आपण, आणि बरं वाटायचं ते मेव्हण्याच्या ओसरीवर? फोनवर तिचं हसणं ऐकू आलं की याच्या घशाखाली घास उतरत नसे. मला म्हणायचा, "दमाबिमा काय न्हाय वो. तिला माझा कंटाळा आलाय." तिथल्या म्हशींचासुद्धा त्याला राग यायचा.

यंदा दिवाळीला गेलेली श्रीदेवी परत यायचं नाव घेईना. वर मल्लिकार्जुनचा फोन, "दाजी, अक्काला आता हितंच राहू द्या." शिवयोगीच्या तोंडचं पाणी पळालं. बायको कायमची हातची जाते की काय! तिचं मन वळवायला त्यानं आमच्या पेठेतला माणूसच करील ते केलं. स्वतःच्या हातानं उशी भरली. मागावर वाया गेलेलं सूत आमच्याकडे कुणी फेकत नाही, ते उशीत जातं. वर स्वतः विणलेल्या गुलाबी टॉवेलचा अभ्रा. ती काखेत मारून, मागावरून उठला तसाच एसटीत बसला.

श्रीदेवी हरखली. जेवणं झाल्यावर ओसरीवर त्याच उशीवर आडवी झाली, आणि थोड्या वेळानं तिची छाती वाजू लागली. मल्लिकार्जुन पंप शोधायला धावला. शिवयोगीच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. "खोटं कशाला बोलू," परत आल्यावर मला म्हणाला, "लई बरं वाटलं बगा. म्हटलं, फुटलं मंद्रूपचं बिंग."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. पण पुढचं ऐकायचं होतं.

मल्लिकार्जुनच्या बायकोला, सुकन्याला उशीचा संशय आला. तिनं ती अंगणात नेऊन झटकली. उन्हात रुईचा ढग उठला. शिवयोगीनं तो पाहिला, मग स्वतःच्या बाह्या पाहिल्या. त्याही पांढऱ्याच होत्या. त्यानं उशी गोठ्यापलीकडे टाकली, सदरा उतरवला आणि हौदावर जाऊन डोक्यावरून बादल्या ओतून घेतल्या.

दिवस कलता कलता श्रीदेवीची छाती मोकळी झाली. मेव्हण्याची लुंगी नेसून शिवयोगी अंगणातच उभा होता.

"येऊ का जवळ?" त्यानं विचारलं.

"या की, पर पुन्यांदा मागावरच्या कापडांत येऊ नगा, अन् ती उशी जाताना घिऊन जावा, अन् वक्ताला जेवत जावा, मी आता तिकडं यायची न्हाय, तुमीच हितं येत जावा, मला काय तुमी नको झाला न्हाईसा."

एवढं सगळं ती एका श्वासात बोलली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मधे न थांबता ती इतकं बोलू शकते, हे नवऱ्याला ठाऊकच नव्हतं. ते बोलणं मंद्रूपला रोज ऐकायला मिळणार होतं. तो तिच्याशेजारी जाऊन बसला, आणि त्या गावाचा त्याला आजवर कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला.