आरूच्या फळीवरचा काळा गोंडा

हा किस्सा माझी सून सांगायला लागली की मी उठून गोठ्यात जातो. पण तुम्ही आपली माणसं. चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी एकदाच हसा.

माझी नात आरू सात वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही, ऐकूही फार थोडं येतं. घोडनदीच्या काठाला आमच्या गावची शाळा, तिथं जाते. तिला शिकवायला वेगळ्या बाई आहेत. सकाळी मी सोडतो, चारला मीच आणतो.

एकदा तिचा डबा घरी राहिला. मी भर बाराच्या उन्हात तो घेऊन गेलो. पोरं मागच्या बाजूला जेवत होती. पुढं चिटपाखरू नाही. बाई पाणी आणायला गेलेल्या. आरूच्या खोलीचं दार अर्धवट उघडं.

आत पाहतो तर काय! भिंतीवर आडवी फळी, फळीला खिळे, आणि खिळ्यांना काय काय लोंबतंय. एक चिंधी. एक पळी. एक करवंटी. आणि शेवटी लाल दोऱ्यानं करकचून बांधलेला काळा गोंडा. केसांचा!

आरू एकटीच तिथं उभी. एकेक वस्तू चाचपत, काहीतरी पुटपुटत पुढं सरकत होती. गोंड्यापाशी थांबली. तो गालाला लावला आणि हसली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणाकडं बघून हसली ही? तिला तर दिसत नाही!

करणी. दुसरं काय असणार? मी डबा ठेवला आणि गोंडा हिसकला. आरू अशी किंचाळली की वरचे पत्रे थरारले. मला वाटलं, झोंबलं बघा आतल्या भुताला!

असली वस्तू वाहत्या पाण्यात सोडायची, मागं वळून बघायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मी नदीची वाट धरली. पान हलत नव्हतं. आणि मागून बाईमाणसाचा आवाज आला.

"आबाऽऽ! ओ आबाऽऽ!"

मी पळालो. सत्तरीचे गुडघे हो!

"आबा, तो गोंडा द्या!"

घ्या! तिला गोंडाच पाहिजे होता! मी धोतर सावरत पाण्यात उतरलो आणि दिला सोडून. त्यानं एक गिरकी घेतली अन् दिसेनासा झाला. मी काठाकाठानं घरी गेलो. एकदाही वळलो नाही.

चारला शाळेत आलो. आरू फळीला टेकून बसलेली. डब्याला हात लावला नव्हता. मी तिचा हात धरला, तिनं झिडकारला. शाळा रिकामी झाली तरी ती जागची हलेना.

बाई म्हणाल्या, "आबा, हाका मारून घसा बसला माझा. वळला का नाहीत?"

"तसल्या हाकंला म्या वळत नसतो, बाई."

"कसल्या?"

"म्हंजी... तुमीच व्हता व्हय?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही फळी म्हणजे आरूचा दिवस आहे. चिंधी म्हणजे हात धुवायचे, पळी म्हणजे जेवण, करवंटी म्हणजे खेळ. एकामागून एक काय होणार, ते तिला हातानं कळतं."

"आन् गोंडा?"

"गोंडा म्हणजे तुम्ही! सूनबाईंनी तुमच्या घोंगड्याची लोकर दिली होती. ती लागली की तिला कळतं, आता आबा न्यायला येणार. आज तिच्या दिवसात आबाच नाहीत. मग ती उठेल कशाला?"

मेंढरांमागं जन्म काढलेला मी. स्वतःच्या घोंगड्याची लोकर ओळखली नाही! आणि स्वतःलाच नदीत सोडून आलो होतो.

मी तिच्याशेजारी बसलो. डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू? तिचा हात हळूहळू माझ्याकडं आला. गळ्याशी गाठ मारलेल्या घोंगड्यावर थांबला. तिनं त्याचा वास घेतला, मग मूठ घट्ट आवळून मला उठवलं, फळीशी नेलं आणि घोंगड्याचा काठ त्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. माझी मान वाकडी!

"सोडवा की, बाई!"

"थांबा, आबा. तिला खात्री करू द्या."

आरूनं ओळ पहिल्यापासून चाचपली. चिंधी, पळी, करवंटी. मग लोकर, माझा कान, नाक, मिशी. खुदकन हसली आणि दप्तर उचललं.

तेवढ्यात मोठे गुरुजी दारातून डोकावले. "आबा, हे काय?"

मी वाकड्या मानेनंच म्हणालो, "काय न्हाई, गुरुजी. नातीला न्यायला आलोय."