धार चुकवायची नाही

सविताताईला खांबावर चढताना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हारच्या अलीकडे, उसाच्या बांधावर. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून विजेच्या ऑफिसात नुकतीच लागले होते. खांबावर कसं चढायचं हे मला पाठ होतं. पट्टा कुठे अडकवायचा, वजन कोणत्या पायावर टाकायचं, हात कुठे न्यायचा नाही, सगळं परीक्षेत लिहून झालं होतं. ताई मात्र अंगणातल्या जिन्यावरून माळ्यावर जावं तशी वर गेली. वर पोचल्यावर कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलली आणि खाली बघून म्हणाली, "निकिता, पक्कड देतीस, का नुसतं तोंड उघडं ठेवायला आलीस?"

आजूबाजूच्या गावांत तिला वायरमनबाई म्हणतात. पहिल्या वर्षी लोक मुद्दाम बघायला जमायचे. आता कुणी जमत नाही. डीपी उडाला की थेट तिलाच फोन येतो.

पोटुशी असताना खांबावर चढता येत नाही, म्हणून तिची रजा बाळंतपणाच्या खूप आधीच सुरू झाली होती. त्यातून मुलगी दिवस पुरे व्हायच्या आत जन्मली. संस्कृती तिचं नाव. उशीच्या अभ्र्यात मावेल एवढी होती, असं ताईचा नवरा भागवत सांगतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, उष्टावणापर्यंत आईचंच दूध, दुसरं काही नको. घरच्यांनी एकदा गाईचं दूध पाणी घालून पाजून पाहिलं, तर पोरीला जुलाब लागून सलाइन लावावी लागली. तेव्हापासून ताईने मनाशी धरलं होतं, की उष्टावणाचा पहिला घास पोटात जाईपर्यंत पोर आपल्याच दुधावर राहील.

पण रजा संपली तेव्हा संस्कृतीच्या उष्टावणाला अजून बराच वेळ होता.

कामावर आल्यावर दुपारपर्यंत ताईची छाती दगडासारखी व्हायची. ऑफिसात जुने मीटर ठेवायची खोली होती. तिला आतून कडी नव्हती. मी दाराशी पाठ लावून उभी राहायचे आणि ताई आत बसून हाताने दूध काढायची, स्टीलच्या छोट्या डब्यात. निम्मं होतं न होतं तोच बाहेरून हाक यायची, "वायरमनबाई, अमक्याची तार तुटली!" ताई ब्लाउजची बटणं लावत बाहेर यायची. "ऱ्हाऊ दे. घरी गेल्यावर पाजीन." कितीतरी दिवस तर तेवढंही व्हायचं नाही.

जे काही निघायचं ते रस्त्यापलीकडच्या दूध डेअरीत जायचं. डेअरी रंगनाथ चालवतो. तिथे बर्फाच्या पाण्याची टाकी आहे, तिच्यात दुधाच्या कॅन गार करायला ठेवतात. रंगनाथची बायको भागूबाई ताईचा डबा सुतळीला बांधून त्या पाण्यात सोडायची आणि सुट्टी झाली की काढून द्यायची. बायकाबायकांतली गोष्ट होती ही. भागूबाईने नवऱ्याच्या कानावरसुद्धा घातली नव्हती.

हळूहळू डब्यातलं दूध कमी व्हायला लागलं. आधी गळ्यापर्यंत यायचं, मग अर्ध्यावर आलं, मग बूड झाकेल एवढंच. घरी सासू, बनुबाई, वाटी-चमच्याने पाजायची आणि वाटी संपली तरी पोर तोंड उघडून बसायची. बनुबाईने सुनेला खाऊ घालायचा सपाटा लावला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, खोबरं-खसखस, शतावरीची पूड. ताई रोज दोन डबे जास्तीचे घेऊन यायची आणि म्हणायची, "खा गं निकिता, आत्यांनी धाडलंय. मी एकटीनं खाल्लं तर आता खांबच वाकंल." सासूला ती आत्या म्हणते. इतकं खाऊनही डबा रिकामाच राहायचा.

एक दिवस भागूबाई माहेरी गेली होती. आम्ही संध्याकाळी डबा न्यायला रस्ता ओलांडतोय, तर रंगनाथ डेअरीच्या दारात उभा, हातात ताईचा डबा. समोर संध्याकाळचं दूध घालायला आलेल्यांची रांग.

"कुणाचं हाय हे?" तो ओरडत होता. "कोड नंबर न्हाई, नाव न्हाई. मशीनला लावलं तर फॅट दीड बी लागंना! निळं पाणी नुसतं. लोकांना लाज कशी वाटत न्हाई!"

आणि त्याने डबा मोरीत उपडा केला.

ताई जागच्या जागी थांबली. मग हळूच म्हणाली, "माझं हाय ते."

"तुमचं?" रंगनाथ खुशीत आला. "आवो ताई, आदी सांगायचं! गाय घेतली का काय?"

"गाय न्हाई घेतली."

रंगनाथने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या त्या एवढ्याशा डब्याकडे, आणि त्याचं तोंड उतरलं. रांगेतले सगळे बाप्ये एकदम आपापल्या किटलीत डोकावून बघायला लागले. रंगनाथने डबा नळाखाली धरला, धुतला, पुन्हा धुतला, आपल्याच सदऱ्याने पुसला आणि दोन्ही हातांनी ताईच्या हातात दिला. "ताई, मला म्हाईत न्हवतं," एवढंच त्याला बोलता आलं.

स्कूटरवर मी ताईला घरी सोडायला निघाले. वाटेत मी तिला समजावत होते. दूध गार पाण्यात राहिलं की साय वर येते, डब्याला आणि झाकणाला चिकटते. रंगनाथने न ढवळता खालचं दूध मशीनला लावलं, म्हणून फॅट कमी दाखवली. शिवाय ते मशीन गाई-म्हशीसाठी बनवलेलं, त्याला माणसाच्या दुधाचं काय कळणार? मी चांगलं मुद्देसूद सांगत होते. मागून उत्तर आलं, "पाणीच असंल, निकिता. म्हनून तर पोरगी रडती." मग तिने भागवतला फोन लावला आणि येताना दुधाच्या पावडरीचा डबा आणायला सांगितला. माझ्या पाठीशी ती रडत होती का, हे मी मागे वळून बघितलं नाही.

घरी पोचलो तर बनुबाई गोठ्यात होती. भागवतकडे चार गाई आहेत. त्यांतली तांबडी दावणीला ओढ देऊन हंबरत होती. तिची कास टम्म फुगलेली.

"आत्या, हिची धार ऱ्हायली का काढायची?" ताईने विचारलं.

"ऱ्हायली न्हाई, सोडली." बनुबाई शेण भरता भरता म्हणाली. "सात म्हैन्याची गाभण हाय. आटवायची आता तिला."

"आटवायची म्हंजी काय करायचं?" हे मी विचारलं. आमच्या घरी गाय नाही.

"काय करायचं? कायबी न्हाई. सकाळची काढायची, सांच्याची सोडायची. मग एक दिसाआड. कास भरून ऱ्हायली की गाईला आपसूक उमगतं, आता दूध नको हाय कुणाला. मग ती करायचंच थांबती. पेंड किती बी घाला, धार चुकली की आटलीच समज."

ताई दावणीपाशी उभी होती. ती तांबडीच्या कासेकडे बघत राहिली. तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आत्या, मग मी काय करतीय?"

"काय करतीस?"

"सकाळची पाजते. दुपारची सोडते. ऱ्हाऊ दे म्हनते, घरी गेल्यावर बघू म्हनते."

बनुबाईच्या हातातली पाटी खाली आली. "अगं बया!" ती म्हणाली. सगळा जन्म गाई-म्हशींत गेलेली ती बाई सुनेकडे पहिल्यांदाच बघावं तशी बघत होती. "मी तुला नुसती पेंड घालीत बसले, आन् धारंकडं ध्यानच न्हाई माझं! रोज हितं उभी ऱ्हाऊन हेच करते, आन् घरातल्या घरात उमगलं न्हाई मला."

ताई हसली. डोळे पुसत हसली. "म्हंजी तुमी मला आटवीत हुत्या, आत्या."

"आगं गप! रांडंचे, नात हाय माझी ती." बनुबाईही हसायला लागली आणि शेणाच्या हातानेच तिने डोळे पुसले.

मी पुस्तकात वाचलेलं कितीतरी त्या क्षणी आठवायचा प्रयत्न केला. मागणी जेवढी तेवढा पुरवठा, हे आम्हाला विजेच्या बाबतीत शिकवलं होतं. गोठ्यात तेच उघड्यावर चाललेलं होतं, आणि तिघींपैकी जिला त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तिनेच ते पकडलं. भागवत पावडरीचा डबा घेऊन आला, तेव्हा ताई आत पोरीला घेऊन बसली होती. एक बाजू संपली की दुसरी, पोर झोपली तरी उरलेलं हाताने काढत. पावडरीचा डबा तसाच फळीवर गेला.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ ऑफिसच्या दाराशी आला. ताईकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "डेअरीत पेंडंच्या खोलीतली पोती हलवलीत. आतून कडी बसवली हाय. खुर्ची हाय, पान्याचा तांब्या ठिवलाय." आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

मग ताईने धार चुकवली नाही. खोली सापडली तर खोलीत, नाहीतर जिथे असेल तिथे. पहिले काही दिवस डब्यात फरक दिसला नाही. मला धीर धरवत नव्हता, मी रोज झाकण उघडून बघायचे. ताई म्हणायची, "आटायला येळ लागला, तसा यायला बी लागंल." ती शांतपणे बसून, अगदी थेंबही येईना तरी ठरल्या वेळेला काढत राहायची. हाती काही लागत नसतानाही कष्ट करण्याचं तिचं हे बळ मला खांबावर चढण्यापेक्षा मोठं वाटायचं.

उन्हाळ्यात एकदा प्रवरेच्या काठावर मोठा फॉल्ट झाला. खांबावर तारा जोडणारा जंपर जळाला होता. सगळ्या मोटारी बंद, ऊस वाळायला लागलेला, शेतकरी खांबाखाली गोळा झालेले. लाइन बंद केल्याचा निरोप सबस्टेशनवरून यायला वेळ होता. ताईने घड्याळ पाहिलं, हातमोजे काढले आणि माझ्याकडून डब्याची पिशवी घेतली.

"का वो वायरमनबाई, चहाची येळ झाली का?" गोरक्ष नावाचा एक शेतकरी म्हणाला. "हितं आमचा ऊस जळतोय."

"चहाची न्हाई दादा, धारंची."

"कुणाच्या धारंची?"

"माझ्या."

गोरक्षला कळलं नाही. बांधावर गवत कापत असलेल्या साळूबाई नावाच्या म्हातारीला मात्र लगेच कळलं. "आरं मुडद्या, लेकुरवाळी हाय ती! व्हय तिकडं!"

ताई जाता जाता थांबली. "दादा, लाइट न्हाई म्हनून तुमी सांच्याची धार सोडता का?"

"छ्या! ती कशी सोडीन? गाय आटंल की—" आणि तिथे गोरक्ष थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाकीच्यांना म्हणाला, "चला रं, तिकडं मोटारीपाशी थांबू."

लिंबाच्या झाडाआड साळूबाईने आपल्या पदराचा आडोसा धरला. मी पाठमोरी उभी होते. डब्याच्या पत्र्यावर पहिल्या धारेचा आवाज आला, बारीक, तांब्यात पाऊस पडावा तसा. मग तो आवाज भरीव होत गेला. म्हातारी म्हणाली, "लई हाय गं माय."

तेवढ्यात सबस्टेशनवरून निरोप आला. ताईने डबा माझ्या हातात दिला, ओल्या फडक्यात गुंडाळायला सांगितलं, हातमोजे चढवले आणि ती वर चढली. अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर उन्हात उभी राहून तिने नवा जंपर आवळला. खाली उतरून, सगळे बाजूला झाल्याची खात्री करून, फोनवर म्हणाली, "लाइन चालू करा." एकेक मोटार सुरू झाली. आधी जवळची, मग लांबची, मग नदीपलीकडचीसुद्धा. शेतकरी ओरडत मोटारींकडे पळाले. आणि ताईने मला विचारलं, "डबा सावलीत हुता ना?"

तो माझ्या हातात होता. अजून कोमट होता. मला तो दोन्ही हातांनी धरावासा वाटत होता.

उष्टावण झालं ते त्यांच्या अंगणात. नेवाश्याहून ताईचा भाऊ सुनील आला होता, कारण पहिला घास मामाने भरवायचा असतो. खिरीसाठी रंगनाथ स्वतः म्हशीचं दूध घेऊन आला होता. "नऊ फॅट," त्याने सगळ्यांना सांगितलं. आत फळीवर पावडरीचा डबा तसाच होता, सील न तोडलेला, आणि त्यावर बनुबाईने देवाच्या उदबत्त्यांची पुडी ठेवली होती.

सुनीलने चांदीच्या वाटीतली खीर बोटाने संस्कृतीच्या जिभेवर लावली. तिने डोळे बारीक केले, तोंड वाकडं केलं, सगळी खीर मामाच्या हातावर परत दिली आणि दोन्ही हात आईकडे पसरून ओरडायला लागली.

"घ्या!" रंगनाथ म्हणाला. "नऊ फॅटचं, तरी नापास!"

"तिचं मशीन चांगलं हाय," बनुबाई म्हणाली.

अंगण हसत होतं. ताईने पोरीला उचललं, माझ्या हातात आपला फोन दिला आणि म्हणाली, "कुनाचा आला तर सांग, वायरमनबाई कामात हाय." आणि ती आत गेली.